लेटरफ्रॅकची दवंडी: कॉनेमारा कम्युनिटी रेडिओचं प्रकरण

आयर्लंडच्या पश्चिमेला माणूस गेला की दोन-तीन दिवसांत त्याची माती होते. तेवढ्या वेळात ती बातमी डोंगरापलीकडच्या चुलतभावाला, बेटावरच्या जुन्या वर्गमित्राला, मेंढरांमागे गेलेल्या शेजाऱ्याला कळावी लागते. बातमी न कळल्यामुळे कुणी मयताला आलं नाही, तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. खेड्यात वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणून तिथल्या छोट्या रेडिओ केंद्रांवर निधनवार्ता सुरू झाल्या की स्वयंपाकघरातली बोलणी थांबतात. नाव, वाडी, कुणाची लेक, कुणाची आई, पार्थिव कुठं ठेवलंय, चर्चमधली प्रार्थना किती वाजता, दफन कुठं, हे सगळं निवेदक सावकाश वाचतो. वाचणारा स्थानिक असावा लागतो, कारण त्या भागातली आडनावं आणि वाड्यांची आयरिश नावं परक्याच्या तोंडी हमखास चुकतात.

ही आधुनिक दवंडी देणाऱ्या एका केंद्राचं हे प्रकरण आहे. गॉलवे परगण्यातल्या लेटरफ्रॅक गावातून ८७.८ आणि १०६.१ एफएमवर कॉनेमारा कम्युनिटी रेडिओ चालतो. १९९५ पासून तो परवान्यासह सुरू आहे. मोजके पगारी लोक सोडले तर सगळा डोलारा गावकरी स्वयंसेवकांवर आहे. अभ्यासायला घेतलेला प्रश्न साधा आहे. वस्ती विरळ, मधे डोंगर, मोठ्या जाहिरातदारांना तिथं रस नाही, आणि बोलणारे लोक दिवसभराचं आपलं काम आटोपून येणारे. असं केंद्र तीस वर्षं टिकलं कसं?

जागा

कॉनेमारा म्हणजे गॉलवे शहराच्या पश्चिमेचा, अटलांटिकला भिडलेला मुलूख. खडक, तळी आणि मैलोगणती दलदल. या दलदलीतून कापून वाळवलेलं पीट, तिथल्या बोलीत टर्फ, पिढ्यान्‌पिढ्या चुलीत जळत आलं. मधोमध ट्वेल्व्ह बेन्स नावाची डोंगररांग आहे. त्यातलं सर्वांत उंच शिखर ७२९ मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने ठेंगणंच. पण एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत, त्यामुळे एवढी उंचीही आड यायला पुरते. एकाच ट्रान्समीटरने सगळीकडे आवाज पोचत नाही, आणि दोन शेजारच्या ट्रान्समीटरांना एकच फ्रिक्वेन्सी दिली तर सीमेवर ते एकमेकांना खातात. म्हणून केंद्र एक आणि फ्रिक्वेन्सी दोन. क्लिफडन हे त्या भागातलं बाजारगाव, लेटरफ्रॅक त्याच्या उत्तरेला पंधरा किलोमीटरच्या आत. किनाऱ्यापासून काही मैलांवर इनिशबॉफिन बेट, वस्ती दोनशेच्या आत.

या मुलखाचा रेडिओशी संबंध मात्र फार जुना. क्लिफडनजवळच्या डेरिगिमला या दलदलीत मार्कोनीने आपलं बिनतारी केंद्र उभारलं. ऑक्टोबर १९०७ मध्ये तिथून कॅनडातल्या ग्लेस बेशी व्यापारी संदेशवहन सुरू झालं. त्याच्या बॉयलरना लागणारं टर्फ स्थानिक लोक कापून देत. १९२२ च्या यादवीत ते केंद्र जाळलं गेलं आणि पुन्हा उभं राहिलं नाही. पुढं पाचच वर्षांनी, २८ ऑक्टोबर १९२७ च्या रात्री, तिथून जवळच क्लेगनच्या खाडीत मासेमारीला गेलेल्या छोट्या होड्या अचानक आलेल्या वादळात सापडल्या. रॉसाडिलिस्क आणि इनिशबॉफिनचे मिळून २५ कोळी बुडाले. वादळ येतंय हे त्यांना कुणी सांगू शकलं नव्हतं.

या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवते. समुद्रापार कॅनडाशी बोलणारं यंत्र या दलदलीत पंधरा वर्षं धडधडत होतं. त्याला टर्फ इथल्या माणसांनी पुरवलं. पण पलीकडच्या खाडीतल्या माणसाशी बोलायला त्याचा उपयोग नव्हता, कारण ते त्यासाठी बांधलेलंच नव्हतं. यंत्र कुठं आहे यापेक्षा ते कुणाच्या मालकीचं आणि कुणासाठी आहे, हा प्रश्न इथं १९०७ पासून पडून होता.

रेडिओच्या आधीची २४ वर्षं

या प्रकरणाची खरी सुरुवात स्टुडिओत होत नाही. १९७१ मध्ये लेटरफ्रॅक-टलीक्रॉसच्या लोकांनी कॉनेमारा वेस्ट नावाची कंपनी काढली. भाग गावकऱ्यांनीच घेतले. पहिलं काम होतं टलीक्रॉसला पर्यटकांसाठी नऊ गवती छपरांची घरं बांधण्याचं. मुलं बोस्टनला आणि लंडनला निघून चालली होती, जमिनीत काही पिकत नव्हतं, आणि वरून कुणी काही करील याची वाट बघून लोक थकले होते.

मग लेटरफ्रॅकची ती इमारत समोर आली. ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाची औद्योगिक शाळा तिथं १८८७ ते १९७४ चालली. गरीब, अनाथ, किरकोळ गुन्ह्यांत सापडलेली मुलं तिथं डांबली जात. मारहाण आणि लैंगिक अत्याचार तिथं किती खोलवर मुरले होते, याची नोंद २००९ मध्ये आयर्लंडच्या चौकशी आयोगाने सविस्तर केली. मागच्या बाजूला त्या मुलांची दफनभूमी आहे. शाळा बंद पडल्यावर १९७८ मध्ये कॉनेमारा वेस्टने ती वास्तू विकत घेतली. काही घरं पाडून टाकावीत अशीच असतात, असं मला वाटतं. पण इथल्या लोकांनी दुसरा रस्ता धरला. १९८७ मध्ये गॉलवेच्या तंत्रशिक्षण संस्थेबरोबर तिथं लाकूडकामाचं आणि फर्निचर डिझाइनचं शिक्षण सुरू झालं. आज ते अटलांटिक टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचा भाग आहे. ज्या आवारात मुलांना तोंड उघडायची भीती वाटे, तिथंच पुढं गावाच्या आवाजाला खोली मिळाली. ही गोष्ट सांगताना माझा आवाज जरा अडखळतो.

माझ्या मते केंद्र टिकण्याचं मुख्य कारण इथं आहे. रेडिओ सुरू झाला तेव्हा भाड्याची जागा शोधायची नव्हती, हिशेब लिहायला माणूस नव्हता असं नाही, बँकेत पत होती, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, गावातल्या लोकांना एकमेकांसोबत बैठकीत बसायची, भांडून पुन्हा त्याच टेबलाशी यायची चोवीस वर्षांची सवय होती. पुष्कळ ठिकाणी लोक आधी मिक्सर आणि मायक्रोफोन आणतात आणि मग समाज गोळा करायला निघतात. लेटरफ्रॅकमध्ये समाज आधीच बसलेला होता, मायक्रोफोन नंतर आला.

परवाना

आयर्लंडमध्ये १९८० च्या दशकात बेकायदा रेडिओंचं पेव फुटलं होतं. कॉनेमाराच्या दक्षिणेकडच्या आयरिशभाषक भागात तर १९७० च्या ईस्टरलाच तरुणांनी ‘सेर रेडिओ कॉनेमारा’ नावाचं चोरटं केंद्र चालवलं होतं. सरकारला त्यानंतर दोनच वर्षांत, २ एप्रिल १९७२ ला, रेडिओ ना गेल्तॅक्ता हे आयरिश भाषेतलं राष्ट्रीय केंद्र सुरू करावं लागलं. १९८८ च्या कायद्याने खासगी परवान्यांची वाट खुली झाली आणि प्रसारणाचा नियामक म्हणून स्वतंत्र आयोग आला. पहिली काही वर्षं परवाने मुख्यतः व्यापारी केंद्रांना मिळाले. शेवटी आयोगाने १८ महिन्यांचा प्रयोग म्हणून ११ सामुदायिक केंद्रांना हवेत उतरू दिलं. १९९५ मधल्या त्या तुकडीत कॉनेमारा होतं.

इथं एक गोष्ट आयोगाने नीट केली. सामुदायिक म्हणजे काय, याची व्याख्या त्याने लहान आकारावर किंवा कमी ताकदीच्या ट्रान्समीटरवर ठेवली नाही. मालकी समाजाची, कार्यक्रम समाजाचे, व्यवस्थापन समाजाचं आणि हेतू नफ्याचा नाही, अशी ती ठेवली, आणि सामुदायिक प्रसारकांच्या ‘अमार्क’ या जागतिक संघटनेची युरोपीय सनद १९९४ मध्ये मंजूर झाली होती, तिचा आधार घेतला. पुढं २००९ च्या प्रसारण कायद्यात कलम ६४ मध्ये हेच आलं: अशा केंद्राने समाजाला सामाजिक लाभ द्यायचा, आणि पैसा खर्च भागण्यापुरताच मिळवायचा. नव्या गटांना आधी ३० किंवा १०० दिवसांचा तात्पुरता परवाना घेऊन हात आजमावता येतो. ही पायरी मला फार शहाणपणाची वाटते. उत्साह कुणाकडेही असतो. शंभराव्या दिवशी सकाळी कुलूप उघडायला कोण आलं, हे आयोगाला पाहता येतं.

आपल्याकडेही तेच वर्ष महत्त्वाचं. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं. पण स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी यायला २००६ उजाडलं, म्हसवडचं माणदेशी तरंग २००८ मध्ये सुरू झालं, आणि आजही आपल्या सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. लेटरफ्रॅकमध्ये रस्त्याच्या कामावरून काउन्टी कौन्सिलच्या सदस्याला माइकसमोर बसवता येतं. हा फरक मला खुपतो.

इर्जिक

आयरिश भाषेत ‘मेहल’ असा एक शब्द आहे. कुणाचं गवत कापायचं, टर्फ आणायचं, तर शेजारी जमतात, दिवसभर राबतात, जेवून जातात. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या शेतात. हीच आपली इर्जिक. सामुदायिक केंद्रांची तिथली राष्ट्रीय संघटना ‘क्रील’ नावाची आहे, ‘प्रसारित करणे’ या अर्थाचं आयरिश क्रियापद, पण तिच्या केंद्रांचं काम चालतं ते मेहलवर.

प्रत्यक्षात याचा अर्थ काय? कुणी शिक्षक निवृत्त झालेला, कुणी मेंढपाळ, कुणी दवाखान्यात नर्स, कुणी शाळकरी मुलगी. प्रत्येकाचा आठवड्यातला एक तास. कुणाला जुनं फिडल-संगीत, कुणाला जनावरांच्या बाजाराचे भाव, कुणाला आयरिशमधून गप्पा. आत येण्याआधी मिक्सर चालवायचं, बदनामीचा कायदा समजून घ्यायचा, निवडणुकीच्या काळात समतोल कसा राखायचा ते शिकायचं. गाण्यांची रॉयल्टी इम्रो आणि पीपीआय या संस्थांना भरावी लागते, नियामकासाठी प्रसारणाच्या ध्वनिफिती ठेवाव्या लागतात. यातलं काहीही ऐकणाऱ्याला दिसत नाही.

इर्जिकीची एक अडचण मात्र सांगायला हवी. शेतातली इर्जिक एका दिवसाची असते. रेडिओ रोज असतो. पावसात, मेंढ्या वितात त्या मार्च-एप्रिलमध्ये, नाताळच्या आठवड्यात, सतत कुणीतरी खुर्चीत बसलेलं लागतं. शिवाय ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात भेटतो. मासेशेतीला परवानगी द्यावी का, पवनचक्क्या कुठं उभाराव्यात, यावर गावात दोन तट पडतात आणि निवेदकाचे नातेवाईक दोन्हीकडे असतात. शहरातला पत्रकार निर्भीडपणे प्रश्न विचारतो आणि रात्री घरी जातो. इथं घर म्हणजे तोच रस्ता. अशा ठिकाणी तरीही दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवणं हे मोठं धैर्य आहे, आणि त्याला कुठलं पारितोषिक मिळत नाही.

पैसा

आयर्लंडमध्ये सामुदायिक केंद्राला चालू खर्चासाठी सरळ, ठरलेलं सरकारी अनुदान नव्हतंच. पैसा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची दोरी असते.

जाहिरातींना तासाला ६ मिनिटांची मर्यादा आहे, आणि उत्पन्न एकाच स्रोतावर उभं राहू नये असं नियामकाचं धोरण. कॉनेमारात तसंही क्लिफडनचं हार्डवेअरचं दुकान, हॉटेल, खाद्य विकणारा व्यापारी यापलीकडे जाहिरातदार कोण? दुसरा तुकडा ‘साउंड अँड व्हिजन’ निधीचा. दूरचित्रवाणीची १६० युरोंची परवाना-फी लोक भरतात, तिच्यातले ७ टक्के या निधीला जातात, आणि त्यातून इतिहास, संस्कृती, भाषा अशा विषयांवरच्या मालिकांना पैसे मिळतात. यातून उत्तम माहितीपट झाले आहेत. पण पैसा ‘नव्या कार्यक्रमा’साठी असतो. छपराची गळती, विजेचं बिल, रोजच्या निधनवार्ता यांसाठी तो नसतो. आणि एका अर्जाला किती संध्याकाळी जातात हे ज्याने भरला त्यालाच ठाऊक.

तिसरा तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि सध्या सगळ्यांत डळमळीत. १९९४ मध्ये आयर्लंडने ‘कम्युनिटी एम्प्लॉयमेंट’ ही योजना काढली: बेरोजगारांना स्थानिक संस्थांत आठवड्याला १९.५ तास काम, पैसे सरकारचे. त्या वेळी देशात बेरोजगारी १४-१५ टक्के होती. पहिली सामुदायिक केंद्रं नेमक्या त्याच काळात उभी राहिली, आणि अनेक ग्रामीण केंद्रांत फोन घेणारा, वेळापत्रक लावणारा, स्वयंसेवक आला नाही की खुर्चीत बसणारा माणूस या योजनेतून आला. आज बेरोजगारी साडेचार-पाच टक्क्यांच्या आसपास आहे. देशासाठी ही आनंदाची गोष्ट. केंद्रासाठी मात्र ज्या जोत्यावर भिंत बांधली ते जोतंच झिजत चाललंय. माणसांना काम मिळालं म्हणून गावाचा आवाज बंद पडावा, हे कुणालाच नको आहे. पण सरकारने या केंद्रांना इतकी वर्षं रोजगाराच्या खात्यातून पोसलं, प्रसारणाच्या खात्यातून नाही, त्याचा हा परिणाम आहे. ही माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली मूळ चूक. उरलेला पैसा लोक उभा करतात: रॅफल, बिंगो, पबमधल्या प्रश्नमंजूषा.

कसोटीचे दिवस

मार्च २०२० नंतर अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती. मयताला न जाणं हा ज्या समाजात अपमान, तिथं लोक रस्त्याच्या कडेला अंतर राखून उभे राहिले आणि शववाहिका हळूहळू त्यांच्यामधून गेली. शववाहिका कोणत्या रस्त्याने, किती वाजता जाणार, हे कळणं हाच त्या दिवसांत अंत्यविधीला जाणं होतं. अशा वेळी निधनवार्ता वाचणारा निवेदक काय काम करत होता, हे कुठल्याही श्रोतृसर्वेक्षणात मावणार नाही.

२४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं. कॉनेमाराच्याच किनाऱ्यावरच्या मेस हेड वेधशाळेत वाऱ्याचा झोत ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला आणि १९४५ पासूनचा देशाचा विक्रम मोडला. देशभरात साडेसात लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या. पश्चिमेकडच्या काही घरांत वीज यायला दोन आठवड्यांहून जास्त लागले. मोबाइलचे मनोरे बॅटऱ्या संपल्यावर मुके झाले. अशा घरात खिशातल्या फोनचा उपयोग टॉर्चपुरता, तोही काही तास. सेलवर चालणारा रेडिओ तेव्हा कामाला येतो, पण ट्रान्समीटरलाही वीज लागते हे विसरता येत नाही. जनरेटर, डिझेलचा साठा, आणि वादळात डोंगरावरच्या ट्रान्समीटरपर्यंत पोचू शकेल असा माणूस, हे तिन्ही आधीपासून ठरलेलं नसेल तर सामुदायिक रेडिओची आपत्तीतली थोरवी भाषणातच राहते. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ‘कमिशून ना मान’ या नव्या नियामकाने छोट्या केंद्रांच्या जनरेटरसाठी वेगळा पैसा ठेवावा, असं मी ठामपणे म्हणेन.

आत्ताचा पेच

निधनवार्ता आता इंटरनेटवरही असतात. ‘आरआयपी डॉट आयई’ हे संकेतस्थळ २००५ पासून आहे आणि आयर्लंडमध्ये ते लोक रोज सकाळी उघडतात. २०२४ मध्ये ते आयरिश टाइम्स समूहाने घेतलं आणि जानेवारी २०२५ पासून एका सूचनेला १०० युरो आकारायला सुरुवात झाली. मृत्यूची बातमी शेजाऱ्याला सांगायला पैसे पडू लागले, तेव्हा गावाच्या मालकीच्या केंद्राची गरज पुन्हा नव्याने दिसली. पण तरुण पिढी एफएम लावते कुठं? बोस्टनमध्ये असलेली नात इंटरनेटवरून ऐकते, लेटरफ्रॅकमधला नातू ऐकत नाही, असंही होऊ शकतं.

मी त्यांच्या संचालक मंडळावर असते तर तीन कामं मागितली असती. प्रकल्प-अर्ज निम्म्याने कमी करून एका माणसाचा पक्का पगार, जो कुलूप उघडेल आणि स्वयंसेवकांच्या वेळा सांभाळेल. दुसरं, शाळकरी मुलांना ‘तरुणांचा कार्यक्रम’ अशा वेगळ्या कोपऱ्यात न बसवता निधनवार्तांच्या खुर्चीत, अनुभवी माणसाशेजारी बसवणं. वाड्यांचे उच्चार, कोण कुणाचं कोण, हे तिथंच शिकता येतं.

तिसरं जुन्या फितींचं. केंद्र सुरू झालं तेव्हा रेकॉर्डिंग टेपवर व्हायचं, आणि चुंबकीय टेप वयाने खराब होते. १९२७ च्या वादळात बाप किंवा काका गमावलेली माणसं १९९५ मध्ये हयात होती. अशा पिढीचे आवाज कुठल्याही ग्रामीण केंद्राच्या कपाटात असू शकतात. टेप संगणकावर उतरवायचं यंत्र पुढच्या वर्षीच्या अनुदानातूनही घेता येईल. पण आवाज कुणाचा, तो म्हणतोय ती खडकाळ वाट कोणती, ते बोटीचं नाव की माणसाचं, हे सांगू शकणारे लोक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून यादीत तिसरं लिहिलं असलं तरी सुरुवात मी या कामापासून, याच हिवाळ्यात, एका फितीने केली असती.